हवेची लाईट

गोपाळनं बॅटरीच्या तारा जोडल्या, ट्रकच्या केबिनमध्ये चढला आणि चावी फिरवली. डॅशबोर्डावरचं काही म्हणजे काहीच हललं नाही. काटे आडवे ते आडवेच. पेटला तो फक्त काचेजवळचा इवलासा दिवा, उळवीच्या बसवेश्वराच्या तसबिरीपुढचा. त्याची तार थेट बॅटरीवरून ओढलेली होती.

"बघा वैनी, देव तेवढा जागा हाय," गोपाळ सवयीनं बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. अशा वेळी थट्टा सुचते तरी कशी माणसाला!

गिरजा खाली अंगणातच उभी होती. याच ट्रकाच्या अपघातात तिच्या नवऱ्याचा, महाबळेश्वरचा, जीव गेला होता. चिऱ्यांनी भरलेली गाडी, घाटाचा उतार, आणि ब्रेक लागले नाहीत. स्टिअरिंगवर होता नागू, गिरजाचा पाठचा भाऊ. तो वाचला. ट्रक ओढून आणून कुंभारवाड्याच्या या अंगणात लावला, तेव्हापासून गिरजानं त्यावर पाय ठेवला नव्हता.

ब्रेकची हवा उतरली की डॅशवर लाल लाईट लागते. हवेचा काटा तर कधीचाच अडकलेला, म्हणून सगळी भिस्त त्या लाईटवर. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या नागू म्हणाला होता, "अक्का, लाईट लागलीच न्हाई." त्यानंतर त्यानं त्या विषयावर तोंड शिवून घेतलं. गाव म्हणत होतं, लाईट लागली असणार, यानंच डोळेझाक केली. गावाचं तोंड कोण धरणार?

आणि आता गिरजाच्या लेकीचं, मयूरीचं लग्न तोंडावर आलेलं. अंतरपाटामागं पोरीच्या पाठीशी मामा उभा राहायला हवा.

"टाकीत आता हवा न्हाई," गोपाळ म्हणाला. "म्हणजे चावी फिरवली की ती लाईट लागायलाच पायजे."

"लागली न्हाई, तर माझा भाऊ खरा," गिरजा म्हणाली. "मग मयूरीच्या पाठीशी तोच उभा राहील, गावाला काय बोलायचं ते बोलू दे. पण लागली तर..."

नागू फणसाच्या झाडाला टेकून काठीवर भार देऊन उभा होता. "कशाला उघडतोस गोपाळदा? भंगारात घाल की सगळं."

"भ्यालास व्हय?" गिरजानं विचारलं. नागूनं मान खाली घातली. गोपाळला ते बघवलं नाही.

त्यानं डॅशखाली डोकं घातलं आणि मोबाईलचा उजेड पाडला. एक काटा बंद असेल तर काट्याचा दोष. सगळेच एकदम बंद म्हणजे अर्थिंग, हे त्याच्या बोटांनाच ठाऊक होतं. पत्रा चेपला होता तिथंच अर्थिंगची तार तुटलेली सापडली.

"म्हणजे लाईट बंदच होती?" गिरजाचा आवाज एकदम उजळला.

गोपाळला वाटलं, व्हय म्हणून मोकळं व्हावं. पण खोटं बोलणं त्याच्या जिवाला लागलं असतं. "न्हाई वैनी. ही धडकेत तुटलीया. त्याच्या आधी सगळं चालू असणार."

त्यानं तार जोडली. डिझेलचा काटा उठला. ऑईलची लाईट लागली, चार्जिंगची लागली. हवेची लाईट मात्र काळीच.

गिरजाला खालून काही दिसत नव्हतं. "लागली का?"

"थांबा जरा." गोपाळनं पाठीमागून हात घालून त्या लाईटचा होल्डर ओढून काढला. बल्ब जळालेला असणार, असं त्याच्या मनात होतं. होल्डर रिकामा होता. बल्ब कुणीतरी काढून घेतलेला.

तो तोंड उघडणार, तोच पलीकडच्या दारातून एक हात आत आला आणि त्यानं गोपाळची मूठ होल्डरासकट घट्ट मिटवली. नागू कधी येऊन उभा राहिला होता, कळलंच नव्हतं. त्याचे डोळे भरले होते. त्यानं गोपाळकडे बघून नुसती मान हलवली.

"लागली अक्का," तो मोठ्यानं म्हणाला. "तवा बी लागली होती. मी बघितली. भावोजी थांब थांब म्हणत होते. उतार संपू दे म्हटलं आणि न्हाई थांबलो."



"माझ्या पोरीच्या मांडवात पाऊल टाकायचं न्हाई," गिरजा म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हता. "मला आता भाऊ न्हाई."

"व्हय अक्का." नागू काठी टेकत रस्त्याला लागला. बसची वेळ नव्हती, पण तो थांबला नाही.

गोपाळच्या मुठीत होल्डर रुतत होता. बल्बच नव्हता, तर लाईट लागणार कुठून? असलं खोटं बोलून कोण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतं? त्याला नागूचा भयंकर राग आला. हाक मारून परत बोलवावं आणि सगळं बोलून टाकावं, असंही वाटलं.

"गोपाळभाऊ," गिरजानं पदरानं डोळे पुसले, "बाकी सगळं भंगारात जाऊ दे. तेवढी देवाची तसबीर काढून द्या, दिव्यासकट. घरात लावीन."

त्यानं होल्डर खिशात टाकला, तसबीर सोडवली आणि खाली तिच्या हातात दिली. तिनं ती कपाळाला लावली.

"त्या दिवशी सकाळी ह्यो दिवा विझला होता," ती म्हणाली. "देवाचा दिवा विझलेली गाडी दारातनं जाऊ देणार न्हाई, म्हणून मी चाकापुढं आडवी उभी राहिले. हे चिडले, नव्या बल्बाला एवढ्या सकाळी दुकान कुठलं उघडं हाय म्हणाले. नागू कायबी बोलला न्हाई. नुसता गाडीत चढला, आणि खाली उतरला तवा दिवा लागला होता."