विषय नसलेला मेल

वीरेंद्रने तो मेल पुन्हा उघडला. परशरामला जाऊन आज नववा दिवस. मेल मात्र होता तसाच होता.

'साहेब, तीन नंबर क्रेनची साखळी झिजल्या. काम थांबवा म्हणून सांगा.' वेळ दहा वाजून पाच मिनिटं. खाली वीरेंद्रचं उत्तर: 'मेलला विषय नाही. वरिष्ठांना लिहायची ही पद्धत नव्हे. विषय लिहून पुन्हा पाठवा.' वेळ दहा वाजून आठ. सव्वादहाला साखळी तुटली, आणि परशराम खाली होता.

बेळगावच्या त्या कारखान्यात क्रेन थांबवायचा हुकूम एकट्या वीरेंद्रसाहेबांचा, आणि साहेबांकडे तोंडी काही चालत नसे. परशराम आधी केबिनच्या दारात आलाच होता. 'मेल कर,' असं वीरेंद्रने मान वर न करता सांगितलं होतं. निपाणीचा हा माणूस शिस्तीला पक्का, असं सगळे म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. आता फोनवर मेल आल्याची टिंग वाजली की तो आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायचा. वाटायचं, परशरामने विषय लिहून पाठवला.

दुपारी अपघाताच्या चौकशीसाठी तपासणी अधिकारी येणार होते. कॉम्प्युटर सांभाळणारा ओमकार सकाळीच विचारून गेला होता, "सर, परशरामअण्णांचं खातं बंद करतोय. त्यांचे जुने मेल सगळीकडनंच पुसू काय?" वीरेंद्रने फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

तेवढ्यात परशरामची बायको जयाबाई आत आली. गुंजीहून रेल्वेने आली होती. तिने दोन्ही हातांनी कागद पुढे केला.

"मालकांच्या जागी काम मागायला आलेय साहेब. पोरीनं अर्ज लिवलाय. वरती विषय बी घातलाय, बघा."

"विषय कशाला," वीरेंद्र पुटपुटला.

"न्हायतर तुमी परत धाडता न्हवं? त्या दिवशी मालकांनी त्येच्यासाठीच पोरीला फोन केलता. विषय म्हंजे काय लिवू गं, म्हणत हुते. ती सांगत हुती, तवाच फोनात आवाज झाला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर त्याने ओमकारला काही पुसू नको म्हणून कळवलं. मग तो मेल, खालच्या आपल्या उत्तरासकट, तपासणी अधिकाऱ्यांना पाठवायला घेतला. विषयाच्या जागेपाशी बोट थांबलं.

शेवटी ती जागा कोरीच ठेवून त्याने मेल पाठवला.