कुत्र्याच्या नावाची मीटिंग

"लायका नको," चंदाबाईनं सुपातला खडा अंगनात फेकला. "रॉकेटात बसून वर गेली अन् वापस नाई आली ते. दुसरं सांग."

ओट्यावर जाळं सांधत बसलेल्या सोमाजीनं डोक्षाले हात लावला. तलावावर जाची वेळ होऊन गेली होती. डोंगा तिकडे काठाले बांधलेला, अन् इथी घरात सकाळपासून कुत्र्याच्या नावाची मीटिंग चालू.

कुत्रं म्हनजे काय, तर बोटभर शेपटीचं भुऱ्या रंगाचं पिल्लू. चंदाबाईनं आरमोरीच्या बाजारातून पदरात घालून आनलं होतं. घरात कुत्रं पाह्यजे, त्यात सोमाजीचं काई म्हननं नव्हतं. जंगल घराच्या मांगंच होतं. गेल्या साली बिबट्यानं मोत्याले याच ओट्यावरून उचलून नेलं. पन मोत्याले नाव ठेवाले किती वेळ लागला होता? मोत्या म्हनलं, मोत्या झाला.

"राजा म्हना अन् मोकळे व्हा," सोमाजी म्हने.

"असंतसं नाव नाई चालत. नावाजलेल्या कुत्र्याचंच पाह्यजे." चंदाबाई पोराकडे वळली. "प्रफुल, तू सांग. पोलीस भरतीचे एवढे पुस्तकं वाचतं."

प्रफुलनं डोकं खाजवलं. "रायगडावरचा वाघ्या."

"त्याचं काय झालं शेवटी?"

"महाराजाच्या चितेत उडी घेतली म्हनतात."

"नको."

"मंग धर्मराजासंगं गेला तो?"

"कुठी गेला?"

"स्वर्गात."

चंदाबाईनं सूप खाली ठेवलं. "मले कोनाले स्वर्गात नाई पाठवाचं."

सोमाजीच्या हातातली सुई धाग्यात गुतली. त्यानं ते ओढली तं धागाच तुटला. "अवं, नावाजलेले कुत्रे मरूनच नावाजतात. जित्या कुत्र्याले कोन पुसते?"

"म्हूनच शोधून राह्यली. जगलेला पाह्यजे. म्हातारा होऊन, दात पडून जगलेला."

"नावाले का बिबट्या भेते?"

चंदाबाईनं सूप पुन्हा उचललं. चुलीवरचा भात करपल्याचा वास आला तरी ते उठली नाई.

आत खाटेवर सून रीता, प्रफुलची बायको, लेकराले पदराखाली घेऊन बसली होती. तिचे आधीचे दोन लेकरं राह्यले नव्हते. एक आठ दिवसात गेलं, दुसरं महिन्याच्या आत. हा तिसरा. उद्या त्याचं बारसं होतं. सोमाजीनं दोनदा विषय काढून पाह्यला, का बा नातवाचं नाव काय ठेवाचं. दोन्ही खेपा चंदाबाईनं त्याले गप केलं. "ते आत्याचं काम हाये. मानसायनं मधात पडू नाई." म्हनजे नातवाचं नाव कोनी तोंडातून काढाले तयार नाई, अन् कुत्र्यापाई घरात सारे उपाशी.

तेवढ्यात आत्याच आली. सोमाजीची पोरगी रिंकू, वडश्याले दिली होती. बसमधून उतरून घामानं भिजून आली. सोमाजीले वाटलं, आता तरी हे बंद होईन. पन तिनं पिशवी खाली ठेवाच्या आधीच मायले विचारलं, "सापडलं का?"

"तू बी?" सोमाजी म्हने. "अवं पानी तं पी."

"बाबा, तुमी जाळं सांधा." रिंकू मायपाशी टेकली. "मा, आमच्या वडश्याच्या नाटकपार्टीत एक कुत्रा हाये. भुरक्या नाव त्याचं. अख्ख्या झाडीपट्टीत कोनाले बी पुस. शेवटच्या अंकात मालकावर झाडलेली गोळी त्याले लागते. पडते, चारी पाय ताठ करते. बाया पदर तोंडात घालून रडतात."

"मंग?"

"मंग पडदा पडला का उठते, आंग झटकते अन् सीधा भज्याच्या दुकानावर जाते."

प्रफुल हासला. चंदाबाई नाई हासली.

"एकदाच का?"

"रोज. सारा सीजन. आता म्हातारा झाला, मांगचा पाय लंगडते, तरी पार्टी त्याच्याबिगर निघत नाई."

"रोज मरते अन् रोज उठते?"

"उठते ना."

चंदाबाईनं आत रीताकडे पाह्यलं. रीतानं मान हालवली.

"ठरलं," चंदाबाई म्हने, अन् उठून चुलीपाशी गेली.

"जाऊ आता मी?" सोमाजीनं विचारलं. "का कुत्र्याची जन्मपत्रिका बी काढाची हाये?"

तो जाळं खांद्यावर टाकून निंगाला. रस्ताभर एकटाच बडबडत होता.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. घर बायायनं भरून गेलं. मानसायले आत जागा नव्हती, म्हून सोमाजी अंगनात चहाच्या गंजापाशी बसला. आतून पाळन्याचं गानं आयकू येत होतं. मधातच गानं थांबलं. कोनीतरी नाक ओढल्यासारखा आवाज आला. मंग गानं पुन्हा चालू झालं, पह्यल्यापेक्षा जोरात.

बाया घुगऱ्या घेऊन घरोघरी गेल्या. सोमाजीनं प्रफुलले विचारलं, "का ठेवलं रे नाव?"

"मा सांगन," म्हनत प्रफुल चटया गोळा कराले पळाला. डोये लाल होते त्याचे. चुलीच्या धुरानं असन, सोमाजीले वाटलं.

तो ओट्यावर आला तं पिल्लू त्याची नवी चप्पल घेऊन बसलं होतं. अंगठा तुटला होता, पट्टा अर्धा खाल्ला होता. दोन दिवसाचा सारा राग सोमाजीच्या तोंडातून बाहेर आला.

"अबे भुरक्या, सोड. भुरक्या, सांगून राह्यलो ना तुले. भुरक्या, आता तंगडंच मोडतो तुवं."

चंदाबाई दारात आली. तिनं ओठावर बोट ठेवलं.

"वरडू नका जी," ते हळूच म्हने. "आत्ता कुठी पाळन्यात झोपला भुरक्या."