नाव घ्या, फोन लागेल

रंगूबाईंचा मंगेश मुंबईहून गणपतीला कापडे गावी आला, की जित्याजागत्या आईशी बोलायचा नाही; बोलायचा तो मोबाईलशी. "गाणं लाव," "बातम्या सांग." आणि तो मेला मोबाईल नव्या सुनेसारखा सगळं मुकाट ऐकायचा. या खेपेला त्याने आईचा मोबाईलही शहाणा करून ठेवला. "आये, वाचता येत नाय म्हणून अडायचं नाय आता. नुसतं नाव घ्यायचं, फोन लागतो!"

दुपारी मोदकांना नारळ कमी पडले, आणि रंगूबाईंचे मालक मालोजी गेलेले पोलादपूरच्या बाजाराला.

"ह्यांना लाव," रंगूबाईंनी हुकूम सोडला.

"कोणाला फोन लावू?" मोबाईलने विचारलं.

"मंगेशच्या बापाला!"

"कोणाला फोन लावू?"

सुना तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय रंगूबाईंच्या ओठांवर आलं नव्हतं, आणि या टिचभर मोबाईलपुढे त्या हार मानणार नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला, घसा खाकरला.

"कापड्याच्या शेतात भात आलं भरात, मालोजीराव, नारळ आणा, एक नाय घरात!"

फोन लागला. संध्याकाळी सुनांनी उखाण्यासकट सगळी हकिकत मालोजींना सांगितली. ते नुसते मिशीत हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज बाजाराला निघू लागले. जाताना सांगायचे, "काय लागलं तर फोन कर गो."

***

गणपती गेले तशी रंगूबाईंनी मंगेशची कॉलर धरली. "मंग्या, आधी ह्या मोबाईलची वाचा बंद कर! तुझा बाप बाजाराला म्हणून निघतो नि गोठ्यामागं उखाणा ऐकत उभा ऱ्हातो. आज फोन लावला, तर भिंतीपल्याड वाजला!"