विरोधातला हात

बिशप ऑरिन व्हिटलोनं पत्र दुसऱ्यांदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा कुणाला ते खरं वाटलंच नव्हतं.

"गाव सोडायला परवानगी आहे," तो म्हणाला. "पण एकमत हवं. एकही हात विरोधात नको."

"पुन्हा वाचा ना, बिशप," अमासा मागून ओरडला. "काय गोड वाचता हो! प्रवचनाला कधी असा गळा लागला नाही तुमचा."

कच्च्या विटांचं ते एवढंसं सभागृह हसण्यानं भरून गेलं. पाच वर्षांत लोक असे हसले नव्हते.

हसतील नाही तर काय! सॉल्ट लेक शहरात सगळ्यांची पक्की घरं होती, सफरचंदाची झाडं होती. मग चर्चच्या एका मोठ्या सभेत व्यासपीठावरून नावं वाचली गेली : दक्षिणेच्या वाळवंटात जा, कापूस पिकवा. नाव वाचण्याआधी विचारायची पद्धत नव्हती, आणि वाचल्यावर नाही म्हणायची तर त्याहून नव्हती. ऑरिननं पंधरवड्यात घर विकलं. धर्मापायी दोन गावांतून जमावानं हाकललेला, हातगाडी ओढत अख्खं माळरान तुडवून आलेला माणूस तो. त्याला आणखी एका वाळवंटाचं काय कौतुक!

पण इथली नदी त्याच्याहून हट्टी निघाली. दर वसंतात ती पुरानं लाल होऊन यायची आणि बांध घेऊन जायची. दर वसंतात सगळं गाव कमरेइतक्या चिखलात उतरून फांद्या आणि दगडांचा नवा बांध घालायचं. आणि रोज संध्याकाळी लव्हायना, त्याची बायको, भाकरी वाढता वाढता म्हणायची, "अहो, चला ना परत."

"देवानं पाठवलंय," तो म्हणायचा. "देवच बोलावील."

मार्चमध्ये तापानं त्यांची मर्सी गेली. चार वर्षांची होती. टेकडीवर नुसता खडक, पहार आत जाईना. म्हणून ऑरिननं तिलाही तिथंच ठेवलं, जिथं गावानं आपली सगळी मुलं ठेवली होती : नदीकाठच्या मऊ मातीत.

त्यानंतर लव्हायना 'चला' म्हणाली नाही. एकदाही नाही. त्या न बोलण्यानं ऑरिनला झोप लागेना. या वाळवंटानं पोर नेली आणि लव्हायनाला इथं मीच आणलं, असं त्याच्या मनानं घेतलं. शेवटी त्यानं सॉल्ट लेकला चर्चच्या वडीलमंडळाला लिहिलं : मी हरलो, आम्हाला मोकळं करा. असं वाक्य त्यानं जन्मात कुणाला लिहिलं नव्हतं. लव्हायनाला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. आज हे उत्तर ऐकून तिचा चेहरा उजळलेला बघायचा, एवढंच त्याला हवं होतं.

"गाव सोडायला कोण तयार?"

उजवे हात भराभर वर गेले. अमासानं दोन्ही वर केले. "एक माझ्या बैलाचा!"

ऑरिननं आपलाही हात वर केला. लव्हायनाकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. तो कागदाकडेच बघत राहिला.

"विरोधात कोण?"

हे नुसतं रीत म्हणून विचारायचं. विरोधात हात कधी येतच नसे. लोक टोप्या शोधू लागले होते. अमासाची बायको केझाया शेजारणीकडे भांडी बांधायला पेटी मागत होती.

लव्हायनाचा हात वर होता.

"अगं ताई," केझाया कुजबुजली, "होकाराचे हात मघाशीच झाले की!"

"झाले ते. मी बघितले."

विरोध करणाऱ्यानं सगळ्यांपुढे कारण द्यायचं, असा नियम होता. ऑरिननं पत्राची घडी घातली. "सांग."

"पुढच्या वसंतात बांध कोण घालणार?"

"कशाला घालायचा?" अमासाला राहवलं नाही. "नेऊ दे की ताई नदीला काय न्यायचं ते! आपलं असं काय राहणारे काठावर..."

तो मधेच थांबला. त्याची जुळी मुलंही तिथंच पुरलेली होती. केझाया हळूच खाली बसली. बैलाच्या नावानं वर गेलेला हात अमासानं तोंडावर धरला.

ऑरिन व्यासपीठावरून उतरला आणि लव्हायनापुढे जाऊन उभा राहिला. त्याच्या बोलण्यात आता बिशपाचा आवाज उरला नव्हता.

"अगं, रोज तूच ना म्हणायचीस, चला म्हणून?"

"म्हणायचे," ती म्हणाली. हात अजून वरच होता. "तेव्हा आपण तिघं होतो."