सगळे ट्रे रिकामे करा

"एक ट्रे काढलाय, आता दुसरा काढतेय," फोनवरची बाई म्हणाली. "फक्त एवढं सांगा, अंडी ठेवू कुठे?"

बारकीचा चहाचा कप ओठांशी येऊन थांबला. अंडी उबवण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी ती घरी बसून मदतीची पानं लिहायची. यंत्र कुरकुरलं की लोक त्याच्या पडद्यावरचं बटण दाबत आणि बारकीचं पान उघडे. पानाखाली फोन नंबरही तिचाच.

"अंडी काढताय कशाला?"

"तुमचं यंत्रच सांगतंय. आतली हवा कोरडी झाली म्हणून लाल दिवा लागला. मी मदतीचं बटण दाबलं, तर लिहून आलं, सगळे ट्रे रिकामे करा आणि साबणाच्या पाण्याने धुवा."

"नाही हो! हात लावू नका. दार लावा आधी!"

"लावलं. पण अहो, आज पिल्लं बाहेर पडायचीत. काही अंड्यांना तडेसुद्धा गेलेत."

बारकीने फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलापलीकडे मटार सोलत बसलेल्या आईपुढे सरकवला. "आई, यांच्याशी बोलत राहा. अंडं हलता कामा नये."

"मी काय बोलणार?" असं म्हणेपर्यंत आईची गाडी सुटलीही होती. "बाई, आधी खुर्ची घ्या पाहू. एकट्याच आहात का?"

बारकीने लॅपटॉप ओढला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. आई त्याला काळी पाटी म्हणायची. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एका ओळीत कमांड लिहायची, की ती शेकडो पानं गोळा करी, एकेक लिंक तपासून त्यांचं ग्रंथालय बांधी आणि गावोगावच्या यंत्रांत पोचतं करी.

घोळ सापडायला वेळ लागला नाही. काल संध्याकाळी तिने पानांची नावं नीटनेटकी केली होती. त्या नादात 'कोरडेपणा' नावाची दोन पानं झाली होती: एक हवा कोरडी पडल्याचं, दुसरं यंत्र धुऊन कोरडं करण्याचं. कमांडने पिवळ्या अक्षरांत बजावलं होतं, की या नावाची पानं दोन आहेत, लिंक कुठे जोडू? पण जेवायची वेळ झाली होती. बारकीने कमांडच्या शेवटी 'तपासणी नको' असं जोडलं आणि उठली.

आता ते ग्रंथालय सगळ्या यंत्रांत जाऊन बसलं होतं. आणखी कुठे कुठे लाल दिवे लागले असतील, कुणास ठाऊक.

तिने दुसऱ्या पानाचं नाव बदललं, लिंक पुन्हा जोडली आणि कमांड लिहिली. बोटं सवयीने शेवटच्या दोन शब्दांकडे वळली. तिने ती आवरली. तपासणीसकटच एंटर दाबलं.

पानांची नावं एकामागून एक वर सरकू लागली.

"इथल्या मालकांना काय सांगू हो?" फोनवरच्या बाईचा आवाज बारीक झाला. "गडबडीत भलतंच बटण दाबलं असणार, म्हणतील. माझी वेंधळी म्हणून ख्याती आहेच."

आईने बारकीकडे पाहिलं. बारकी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "तुम्ही बरोबर बटण दाबलंत. पान चुकीचं होतं आणि ते मी पाठवलेलं होतं. मालकांना माझा नंबर द्या. मी सांगते त्यांना."



"अशीच आहे आमची," आईने शेंग सोलता सोलता सांगितलं. "धांदरट आहे. पण पळपुटी नाही."

पिवळं अक्षर एकही आलं नाही. तळाशी उमटलं: पोचलं.

"आता दाबा बटण," बारकी म्हणाली. "मोठ्याने वाचा."

"पाण्याची टाकी तपासा, कोमट पाणी भरा..." बाई थबकली. "अगंबाई! टाकी तर खडखडीत आहे!"

मग बादलीचा आवाज आला, पाण्याचा आला, मध्येच "सांडलं मेलं" असंही ऐकू आलं. आईने मटार सोडून फोनवर कान लावला. थोड्या वेळाने बाई धापा टाकत परतली. "दिवा गेला!"

बारकीने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"पण त्या बाहेरच्या ट्रेचं काय करू?" बाईने विचारलं. "आत ठेवायला दार उघडलं, तर आता कुठे जमलेला ओलावा जाईल. गारठू नये म्हणून मी माझी शाल पांघरलीय त्याच्यावर. याचं आहे का एखादं पान?"

बारकीने काळ्या पाटीवर 'दार' हा शब्द शोधायला दिला. कमांडने ग्रंथालय धुंडाळून एकच ओळ आणून ठेवली.

"आहे! दार एकदाच उघडा, ट्रे सरकवा, लगेच लावा. उचला तो ट्रे."

बारकी फोनवर वाकली.

"बाई? ऐकताय ना?"

"श्श," पलीकडून कुजबूज आली. "शाल हलतेय."