छोटी कढई

सोमवारी दिवेलागणीपर्यंत मी मौन पाळते, म्हणून लेकीची मीटिंग स्वयंपाकघरातच मोबाइलवर चालली होती. मोठं विमान अर्धं रिकामं उडतं, म्हणून तिची विमान कंपनी नाशिकची सेवा बंद करणार होती. मग इथल्या ओझर विमानतळावरून तिची बदली ठरलेलीच. “त्यापेक्षा छोटं विमान लावा ना, सर!” “वेदिका, मोठ्यात माणशी इंधन कमी लागतं.” “भरलं तर!” तिनं मोबाइल माझ्या उपासाच्या वड्यांकडे वळवला. “मोठ्या कढईतही वड्यामागे गॅस कमीच लागतो, पण घाणा भरला तर. घरात दोघीच, म्हणून आई छोटी कढई घेते. छोट्या विमानाला फेरीमागे इंधनच कमी!” साहेब हसले. “पटलं. नाशिकला छोटं देऊ.” “जिंकलीस गं पोरी!” मी ओरडले. “आई, मौन!” मी जीभ चावली, देव्हाऱ्याकडे बघून कान पकडले. “मोडलंच आहे, तर साहेबांना वडे खायला बोलव. छोट्याच विमानानं.”