धनेशाचं झाड

बेहड्याच्या खोडावरची अळंबी गेल्या ऑक्टोबरात अंगठ्याएवढी होती. आता ती तळहातापेक्षा रुंद झाली होती. तिने खोड ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला.

त्याच पोकळीत दर उन्हाळ्यात धनेशाची जोडी पिल्लं वाढवायची. पण झाड कुंपणापलीकडच्या शाळेवर झुकलं होतं. ते पाडायचं की नाही, हे वनाधिकारी म्हणून तिनेच ठरवायचं होतं.

"मॅडम, दुर्बीण जरा खाली पण करा की," वनरक्षक गुरव म्हणाले. "दरवेळी पुढच्या वर्षी बघू म्हणता. आता माझी धाकटीही तिथं पहिलीत बसते."

वर धनेश येऊन बसला. त्याने रिकाम्या ढोलीत चोच घालून पाहिली. खाली पोरं पाढे म्हणत होती.

तिने दुर्बीण उतरवली.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "झाड पाडून घ्या."